कयाकमधून कचरा वेचणं आणि आपल्या वाटेवरचा नाला



मागच्या आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासाला जलप्रदूषण शिकवताना मी वर्गाला एक छोटा व्हिडिओ दाखवला. एका परदेशी शहराच्या कालव्यात दोन माणसं लांबट, निमुळत्या होडीत बसून फिरत होती. लांब दांड्याच्या चिमट्याने बाटल्या, पिशव्या उचलायच्या आणि समोरच्या बादलीत टाकायच्या, असं त्यांचं काम चाललं होतं. व्हिडिओ संपला तसा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ही होडी आपल्या नाल्यात चालीन का?"

सगळा वर्ग हसला. प्रश्न विचारणारा मात्र हसत नव्हता. गेल्या पावसाळ्यात नाल्याची मोरी तुंबली, तेव्हा त्याच्याच घरात पाणी शिरलं होतं. त्याची वह्या-पुस्तकं दोरीवर वाळत घातलेली मी स्वतः पाहिली होती. म्हणून हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. या लेखात आपण त्याचंच उत्तर शोधू या. त्यासाठी आधी कयाक म्हणजे काय, तिने कचरा कसा वेचतात आणि तिला काय जमत नाही, हे समजून घ्यावं लागेल.

कयाक म्हणजे काय?

कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची अरुंद, हलकी होडी. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट आणि इतर लोकांनी ती फार पूर्वी बनवली. त्या भागात मोठी झाडं उगवत नाहीत. म्हणून समुद्रातून वाहत आलेली लाकडं किंवा व्हेलची हाडं घेऊन सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. आवाज न करता शिकारीच्या जवळ जाता यावं, हा तिचा मुख्य उपयोग.

कयाकचं वल्हं वेगळं असतं. एकाच दांड्याच्या दोन्ही टोकांना पातं असतं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं पाणी मागे सारलं की होडी पुढे जाते. क्रिया आणि प्रतिक्रिया, न्यूटनचा तिसरा नियम!

आजच्या बऱ्याच कयाक पॉलिथिलीन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. आपली कॅरीबॅगही बहुधा पॉलिथिलीनचीच असते. एकाच जातीचं प्लास्टिक, पण कयाक वर्षानुवर्षं वापरली जाते आणि कॅरीबॅग दुकानापासून घरापर्यंत. मग दोष प्लास्टिकचा की आपल्या वापरण्याच्या पद्धतीचा? वर्गात चर्चेला हा विषय चांगला आहे.

कचरा वेचायला कयाकच का?

पहिलं कारण, तिला खोल पाणी लागत नाही. वीत-दीड वीत पाणी असलं तरी ती तरंगते. त्यामुळे काठाच्या झुडपांत आणि झाडांच्या मुळांशी जिथे मोठी बोट जाऊ शकत नाही, तिथे ती जाते. कचरा नेमका तिथेच अडकलेला असतो.

दुसरं कारण, कयाक चालवणारा पुढे तोंड करून बसतो. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले होते. तो रोइंगचा प्रकार. त्यात खेळाडूची पाठ होडी जाते त्या दिशेला असते. शर्यतीला ते ठीक, पण कचरा वेचायचा तर समोरचं दिसायला हवं.

तिसरं कारण, तिला इंजिन नसतं. डिझेल लागत नाही, तेलाचा तवंग पसरत नाही आणि पंख्यात पिशव्या गुंतून बोट बंद पडायची भीती नाही. शिवाय माणूस पाण्याच्या अगदी जवळ बसलेला असल्यामुळे हात पुढे केला की वस्तू हाताशी येते.

सराव असलेले लोक काही गोष्टी आवर्जून पाळतात. वारा ज्या काठाकडे वाहतो, त्या काठाला तरंगता कचरा गोळा होतो. म्हणून आधी तो काठ बघतात. परत यायच्या वेळी ओझं वाढलेलं असतं, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वाऱ्याबरोबर यायचं. दोघांची कयाक असेल तर एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने वेचायचं. कचऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा भोकांचा क्रेट किंवा गोणपाट बरा, कारण त्यातून पाणी निथळून जातं. वजन नेहमी खाली आणि मधोमध ठेवायचं. एका बाजूला जास्त वाकलं की होडी उलटते.

हे कुठे कुठे चालतं?

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये २०१७ साली 'ग्रीनकयाक' नावाचा उपक्रम सुरू झाला. तिथे कयाक फुकट मिळते, पण अट अशी की फिरताना पाण्यातला कचरा वेचून आणायचा आणि परत आल्यावर त्याचं वजन करून नोंदवायचं. पुढे हा उपक्रम जर्मनी, नॉर्वे, आयर्लंड अशा देशांतही गेला. मला यात आवडलेली गोष्ट म्हणजे वजन आणि नोंद. नुसती सफर करून फोटो काढला असं नाही, काय आणि किती निघालं हे कागदावर येतं.

आपल्या देशात केरळमध्ये चालियार नदी आहे. निलंबूर ते बेपूर असं सुमारे ६८ किलोमीटर अंतर कयाकने कापत वाटेतला प्लास्टिकचा कचरा गोळा करायची मोहीम तिथे होते. केरळमधलेच एन. एस. राजप्पन यांची गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगावी अशी आहे. लहानपणी त्यांच्या पायांतलं बळ गेलं. ते चालू शकत नाहीत. तरी साध्या होडीत बसून ते वेंबनाड सरोवरात जायचे, तरंगत्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करायचे आणि त्या विकून मिळणाऱ्या थोड्या पैशांवर गुजराण करायचे. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला, तेव्हा सगळ्या देशाला त्यांचं नाव कळलं. त्यांची होडी कयाक नव्हती, साधी गावठी होडी होती. पण काम तेच.

महाराष्ट्रात मुंबईचे वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो लोक जोडले गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. पुढे त्यांनी मिठी नदीच्या काठीही काम सुरू केलं. हे का? किनारा कितीही साफ केला तरी भरतीबरोबर नवा कचरा येतच राहतो आणि तो येतो नद्या-नाल्यांतून. समुद्राकडून नदीकडे, नदीकडून नाल्याकडे असं उलट चालत गेल्याशिवाय हे काम पुरं होत नाही.

कयाकला काय जमत नाही?

आता थोडं प्रात्यक्षिक. एक बादली पाणी घ्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक तुकडा कापून त्यात टाका आणि पूर्ण भिजू द्या. तो बुडेल. त्याच बाटलीचं झाकण टाका. ते तरंगेल. कारण बाटली ज्या प्लास्टिकची असते, ते म्हणजे पेट, पाण्यापेक्षा जड आहे. त्याची घनता सुमारे १.३८ असते. झाकणाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. मग नदीत अख्ख्या बाटल्या तरंगताना कशा दिसतात? झाकण लावलेलं असतं आणि आत हवा असते म्हणून. झाकण निघालं, पाणी भरलं की तीच बाटली तळाला जाते.

म्हणजे कयाकमधून दिसतो तो फक्त वरचा कचरा. चिंध्या, काचा, पाणी भरलेल्या बाटल्या आणि गाळात रुतलेल्या पिशव्या खालीच राहतात. सांडपाण्यात विरघळलेली घाण तर चिमट्यात येतच नाही. आणि एका कयाकमध्ये मावणार किती? दोन-चार गोण्या. तिकडे नाला रोज नवा माल आणतो.

म्हणून काही ठिकाणी पाणी जिथून येतं तिथेच कचरा अडवतात. नाल्याच्या तोंडाशी जाळी किंवा तरंगता अडथळा लावायचा आणि साचलेला कचरा रोज काढायचा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात २०१४ पासून नदीच्या मुखाशी एक मोठं चाक बसवलं आहे. ते पाण्याच्या प्रवाहावर आणि सौरऊर्जेवर फिरतं आणि वाहत आलेला कचरा पट्ट्यावरून डब्यात टाकतं.

२०२१ साली शास्त्रज्ञांचा एक अभ्यास 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात आला. नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजारपेक्षा जास्त नद्या मिळून नेतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी काही मोजक्या महानद्याच याला जबाबदार आहेत असं समजलं जायचं. या अभ्यासाने दाखवलं की शहरातून वाहणाऱ्या लहान लहान नद्यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे आपण ज्याला "हा तर साधा नाला" म्हणतो, तो साधा नाही.

पिंप्राळ्याचा कचरा कुठे जातो?

भिंतीवर नकाशा लावा आणि मुलांना बोट फिरवायला सांगा. आपला सगळा परिसर तापीच्या खोऱ्यात येतो. इथे रस्त्यावर पडलेलं पाकीट पहिल्या पावसात गटारीत, गटारीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जातं आणि शेवटी तापीला मिळतं. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाते. आपल्या भागातून पुढे सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातमधलं उकाई धरण, सुरत आणि शेवटी अरबी समुद्र. प्रत्येक पाकीट समुद्रापर्यंत पोचतं असं नाही. बरीच पाकिटं वाटेत वाळूत, काटेरी झुडपांत, बंधाऱ्यांत अडकतात. पण अडकली तरी संपत नाहीत. उन्हाने त्यांचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात आणि मग कोणत्याच चिमट्याने ते उचलता येत नाहीत.

जळगावात मेहरूणचा तलाव आहे. तिथे पाणी साचलेलं असतं. अशा ठिकाणी परवानगी घेऊन, प्रशिक्षित मोठ्या माणसांनी कयाकने काठाचा कचरा काढणं शक्य आहे. विसर्जनानंतर तरंगणारं निर्माल्य आणि त्यासोबतच्या प्लास्टिकच्या पिशव्या काढायला तर ती फार सोयीची. वाघूर धरणाचं पाणी जळगाव शहर पितं, त्यामुळे तिथे कोणी मनानेच होड्या घालणं योग्य नाही. गिरणेचं काय? गिरणेला पावसाळ्यात पूर असतो. नंतर धरणातून आवर्तन सुटलं की पाणी, नाहीतर कोरडी वाळू. आणि नाला? उन्हाळ्यात त्यात सांडपाण्याची एक बारीक धार असते, पावसाळ्यात दोन तासांत लोंढा येतो. पहिल्यात कयाक टेकते, दुसऱ्यात वाहून जाते.

तेव्हा मागच्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्याला उत्तर मिळालं. आपल्या नाल्यात ही होडी नाही चालणार.

पण याच उत्तराची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. कोपनहेगनच्या कालव्यात बारा महिने पाणी, म्हणून त्यांना होडी लागते. आपला नाला वर्षातले कित्येक महिने जवळजवळ कोरडा असतो. जो कचरा पावसात वाहून जाणार आहे, मोरी तुंबवणार आहे, घरात पाणी घालणार आहे, तो मार्च ते मे आपल्या डोळ्यांसमोर कोरडा पडलेला असतो. तो तरंगत नाही, बुडत नाही, पळत नाही. पायात गमबूट आणि हातात मोजे घालून मोठ्या माणसांनी चालत जाऊन उचलायचा. मृगाचा पहिला पाऊस आला की मात्र वेळ गेली. जून उजाडल्यावर नाल्यातून एक पिशवी काढायला जेवढी मेहनत लागते, तेवढ्यात एप्रिलमध्ये पोतंभर कचरा निघेल.

मोरी कशी तुंबते तेही मुलांना समजावून सांगा. एकटी पिशवी वाहून जाते. पण मोरीच्या तोंडाशी आधी एखादी काटकी किंवा बाभळीची फांदी अडकते. तिच्यावर पिशव्या पसरतात, पिशव्यांवर थर्माकोलच्या पत्रावळी बसतात, वरून गाळ येतो आणि काही वेळात भिंत तयार होते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने हाहाकार केला. एवढ्या पावसात कोणतंही शहर बुडालं असतं, हे खरं. पण तुंबलेल्या गटारी-नाल्यांनी पाण्याची वाट अडवली, हेही तेव्हा सगळ्यांना कळलं. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. कायदा आहे. राहिलं आहे ते आपलं वागणं.

आमच्या वर्गाने काय केलं?

त्या प्रश्नानंतर आलेल्या आनंददायी शनिवारी आम्ही नाल्यावरच्या पुलापर्यंत गेलो. कोणीही खाली उतरलं नाही. कठड्याच्या आत उभं राहून मुलांनी फक्त पाहिलं आणि वहीत लिहिलं. पाच रकाने केले होते : खाऊची पाकिटं, कॅरीबॅगा, बाटल्या, थर्माकोल व कागदी कप, इतर. प्रत्येक वस्तूला एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी.

सगळ्यात जास्त रेघा 'खाऊची पाकिटं' या रकान्यात पडल्या. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ही तर आपल्याच शाळेसमोरच्या दुकानातली हायेत." मी काहीच बोललो नाही. मधल्या सुट्टीनंतर ही पाकिटं कुठे जातात हे मी रोज बघत होतो, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. शाळेच्या फाटकाजवळ कचऱ्याचा डबाच नव्हता. तो आम्ही दुसऱ्या दिवशी नाही, पण सोमवारी ठेवला. पत्र्याचा जुना डबा आहे, रंग मुलांनी दिला.

वस्तूंची नोंद करायची ही रीत नवी नाही. समुद्रकिनारे स्वच्छ करण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सुरू झाली, तेव्हापासून त्यात उचललेली प्रत्येक वस्तू नोंदवतात. आजही ही मोहीम सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होते. कचरा उचलल्याने एक दिवस जागा स्वच्छ होते. तो कोणाकडून आला हे नोंदीमुळे कळतं.

महत्त्वाची सूचना : सुरक्षा

मुलांनो, हे नीट वाचा. नाल्यात, नदीत किंवा तलावात कचरा काढायला तुम्ही उतरायचं नाही. वाळू काढल्यामुळे नदीच्या पात्रात खोल खड्डे झालेले असतात, वरून पाणी सारखंच दिसतं. नाल्यात फुटक्या काचा आणि सुया असतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेलं पाणी जखमेला लागलं तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

मोठ्यांनीही काम करताना गमबूट आणि जाड मोजे घालावेत, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं आणि नंतर साबणाने हात-पाय धुवावेत. पाण्यात कयाक न्यायची असेल तर लाइफ जॅकेट हवंच, पोहता येत असलं तरी. एकट्याने जायचं नाही, ढग दाटलेले असताना जायचं नाही, पुराच्या पाण्यात तर मुळीच नाही. पाणकणसात पक्ष्यांची घरटी असतील तर तो भाग सोडून द्यावा.

काढलेला कचरा काठावर जाळू नये. बाटल्या भंगारवाल्याकडे, बाकीचा सुका कचरा घंटागाडीत, निर्माल्य खतासाठी. काठावर ढीग करून ठेवला तर पहिल्या वाऱ्याला तो परत नाल्यातच जातो.

करून पहा

१. घरात एका आठवड्यात किती पाकिटं आणि पिशव्या आल्या, ते रेघा मारून मोजा. त्यातल्या कोणत्या टाळता आल्या असत्या?

२. वर सांगितलेला बादलीचा प्रयोग करा. बाटलीचा तुकडा कापायचं काम मोठ्यांकडून करून घ्या. झाकण, थर्माकोल, कापड, पेन, खोडरबर यांतलं काय तरंगतं, काय बुडतं, याचा तक्ता करा.

३. आपल्या घराजवळचं पाणी कोणत्या गटारीतून कोणत्या नाल्यात जातं, ते आजी-आजोबांना विचारून नकाशा काढा. तो नाला त्यांच्या लहानपणी कसा होता, तेही विचारा.

शिक्षक मित्रांसाठी एक सुचवणं आहे. मुलांच्या नोंदी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा. पावसाळ्याआधी नाला साफ व्हावा म्हणून मे महिन्यात धावपळ करण्यापेक्षा मार्चमध्येच लेखी अर्ज द्या आणि सोबत मुलांचा तक्ता जोडा. आम्ही तसाच अर्ज दिला आहे. गल्लीतल्या काही पालकांनी एप्रिलच्या एका रविवारी स्वतः यायचं कबूल केलं आहे.

हे सगळं वर्गात सांगून झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याला विचारलं, "मिळालं का तुझ्या प्रश्नाचं उत्तर?"

तो म्हणाला, "हो सर. होडी नाही चालीन. पण रविवारी माझे पप्पा येतीन."